वरकुट्याची साक्ष

समन्स घेऊन पोलीस आला तेव्हा झुंबर ट्रकखाली उताणा पडून पाट्यांना ग्रीस भरत होता. पोलिसाला आधी त्याचे पायच दिसले. बुटाच्या टोकाने हलकेच ढोसून त्याने विचारलं, "झुंबर डायव्हर तूच का?"

झुंबर सरपटत बाहेर आला. चिंधीला हात पुसले आणि पलटणीत शिकलेली मोडकी सही करून कागद घेतला. इंदापूरच्या कोर्टात हजर राहायचं होतं. मालाच्या मोटारीत भाडं घेऊन उतारू नेल्याचा गुन्हा.

कागद खिशात घालून तो पुन्हा ट्रकखाली शिरला. तशी घाई नव्हती. पण हा कागद कुणाला दाखवावा असं त्याच्या मनात आलं आणि दाखवायला कुणीच नाही हेही त्याच दमात कळलं. मग आडवं पडून ग्रीस भरत राहणंच बरं वाटलं.

बारामतीच्या गूळबाजारात तात्याबांची आडत होती आणि झुंबर त्यांचा ट्रक चालवायचा. लढाईच्या दिवसांत भरती होऊन तो मोटार शिकला, पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आला. परत आला तोवर आई गेली होती. चार वर्षं खुशाली नाही म्हणून बायकोच्या भावांनी पंच बसवून काडीमोड घेतली होती आणि तिचा पाट लावून दिला होता. झुंबरने कुणाला दोष दिला नाही. मेला की जगला हे ज्याचं कळत नाही, त्याची वाट बाईमाणसाने किती बघायची? तो गावाकडे एक रात्र राहिला आणि बारामतीला आला. आता आडतीच्या मागे त्याची एक खोली होती, बनाबाईच्या खानावळीत दोन वेळचं जेवण होतं, बाकी सगळा जन्म ट्रकच्या केबिनीत. त्याचं नाव वाईट नव्हतं आणि फार चांगलंही नव्हतं. तो गुऱ्हाळावर पोचला की लोक म्हणायचे, मोटार आली. झुंबर आला असं कुणी म्हणत नसे.

गुन्हा घडला तो माघातला दिवस होता. इंदापूरकडून गुळाच्या ढेपा भरून तो बारामतीला येत होता. ट्रकवरचा किन्नर पोऱ्या तापाने घरी पडलेला, त्यामुळे केबिनीत एकटाच. वरकुट्याकडून येणारी गाडीवाट जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथं एक बाई दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी होती. करकचून ब्रेक दाबला तेव्हा ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. बाई जागची हलली नव्हती.

बाभळीखाली घोंगडीवर तिचा नवरा पोट धरून पडला होता. दोन दिवस पोटात कळा, आणि सकाळपासून पोट दगडासारखं झालेलं. धाकटा दीर पाहुण्यांकडे बैलगाडी घेऊन गेलेला, तो काही आला नव्हता. शेजारच्या दोघा गड्यांनी उचलून इथवर आणलं आणि एस.टी. डोळ्यांदेखत निघून गेली.

"दादा, बारामतीच्या दवाखान्यापातूर न्या," बाई म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

"पाया कशाला पडता? धरा त्यास्नी तिकडनं."

दोघांनी मिळून त्याला केबिनीत चढवला. बाई दाराकडे बसली, नवरा मध्ये. रस्ता खडीचा. प्रत्येक हिसक्याला त्याचं डोकं झुंबरच्या खांद्यावर कलंडायचं. बाई ते सरळ करायची, ते पुन्हा कलंडायचं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," झुंबर म्हणाला. "जड न्हाय."

मग ते डोकं तसंच राहिलं. गिअर बदलताना खांदा हलू नये म्हणून झुंबर जमेल तितका एकाच गिअरात चालवत होता. तापलेल्या कपाळाची ऊब सदऱ्यातून आत येत होती. माणसाच्या अंगाची ऊब इतकी वर्षं आपल्या वाट्याला आली नव्हती, हे त्याला तेव्हा उमगलं आणि उगीचच लाज वाटली. परक्याच्या दुखण्यात आपलं हे काय, असं वाटून त्याने नजर रस्त्यावर खिळवली.

सणसरच्या कालव्याच्या पुलाजवळ जमादाराने हात केला. पोलीस बघून बाई घाबरली. भाडं दिलं नाही म्हणून आता आपल्याला उतरवतील असं तिला वाटलं असावं. तिने पदराची गाठ सोडली आणि एक नोट झुंबरच्या हातात कोंबली. झुंबर ती परत सारत होता, ती पुन्हा पुढे करत होती, आणि जमादार नेमका दाराखालच्या फळीवर चढून हे पाहत होता.

"भाडं ठरवून घेतलंस वाटतं," जमादार म्हणाला.

"घेतलं न्हाय, जमादार. त्याच देत्यात."

"डोळ्यांनी बघतोय मी." त्याने कण्हणाऱ्या माणसाकडे पाहिलं आणि जरा मवाळ होऊन म्हणाला, "जा, दवाखान्यात ने त्याला. पण केस व्हनार. काय सांगायचं ते कोर्टात सांग."

दवाखान्याच्या पायरीवर बाईने त्याचं नाव विचारलं. स्वतःचं सांगितलं, कुशाबाई. नवऱ्याचं सांगताना अडखळली, मग शिपायाला लिहून घ्यायचं म्हणून गेणबा असं हळूच म्हणाली. झुंबरला गूळ घेऊन पुण्याला जायचं होतं. तो निघाला. पुढे गेणबाचं काय झालं ते त्याला कळलं नाही. दोनदा दवाखान्यावरून जाताना थांबावंसं वाटलं, पण आपण कोण म्हणून विचारायचं, या विचाराने तो थांबला नाही.

समन्स आल्याचं कळल्यावर तात्याबांनी त्याला गादीजवळ बोलावलं.

"वकीलबिकील काढू नको," ते म्हणाले. "शहान्यानं कोर्टाची पायरी चढू न्हाय, आन चढावी लागलीच तर लवकर उतरावी. गुन्हा कबूल म्हनायचं, दंड मी भरतो. फकस्त एक कर. पैसं मी माझ्यासाठी घेतलं, मालकाला ठावं न्हवतं, आसं सांग. माझ्या परमिटावर येऊ दिऊ नको."

"पर मी घेतलंच न्हाईत, तात्याबा."

"मला ठावं हाय रं. पर ते शाबित कुनी करायचं?"

झुंबर गादीजवळून उठला. पण दोन वर्षांमागे मागचा दिवा बंद म्हणून त्याच्या लायसनवर एक शेरा पडलेला होता, आणि ती गोष्ट त्याच्या मनात सलत होती. दुसऱ्याच दिवशी तो इंदापूरला गेला तेव्हा आप्पासाहेब वकिलांची पाटी विचारत त्यांच्या ओसरीवर जाऊन बसला.

आप्पासाहेब उतारवयाचे होते, पानाचा डबा जवळ घेऊन बसायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्येच दोन-तीन प्रश्न विचारले आणि समन्स परत त्याच्या हातात दिलं.

"मालक म्हणतो तसं कबूल केलंस तर दंडावर भागेल असं समजू नकोस," ते म्हणाले. "आधीचा शेरा आहे. या खेपेला लायसन काही महिने तरी बंद पडेल. मालक काय, दुसरा ड्रायव्हर बघेल. तुझं काय?"

"मग वकील करावा का?"

"करावा. तुझी बाजू खरी आहे, आणि खरी बाजू घेऊन माझ्याकडे माणसं फार येत नाहीत." ते जरा हसले. "पण जमादाराने हातात नोट पाहिली आहे. त्याच्यापुढे तुझा एकट्याचा शब्द टिकणार नाही. ती बाई पाहिजे. मी देत होते, हे घेत नव्हते, एवढं तिने कोर्टात सांगितलं की काम झालं. तिला घेऊन ये, मग वकीलपत्रावर सही कर."

रस्त्याला लागल्यावर झुंबरला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. लायसन वाचेल हे तर होतंच. पण वरकुट्याला जायला, गेणबा कसा आहे हे विचारायला आता काहीतरी निमित्त मिळालं होतं.

ट्रक सुट्टीवर होता त्या दिवशी त्याने धुतलेला सदरा घातला, बाजारातून पावशेर पेढे घेतले आणि एस.टी.ने निघाला. फाट्यावर उतरून पायी चालू लागला. विहिरीच्या पाण्यावर लोकांनी वांगी, कांदे केले होते, मध्येमध्ये उसाचे फड. वस्तीजवळ एका म्हाताऱ्याला गेणबाचं घर विचारलं, तर म्हाताऱ्याने हाताने दाखवलं आणि म्हणाला, "तुमी दुखवट्याला आलाय का? लई उशीर केला."

झुंबर तिथंच थांबला. हातातली पेढ्यांची पुडी त्याला एकदम जड झाली. वाटेकडेच्या घाणेरीच्या झुडपात त्याने ती सरकवून ठेवली आणि मोकळ्या हातांनी घराकडे गेला.

गेणबाची आई प्रयागबाई अंगणात मिरच्या निवडत होती आणि धाकटा भाऊ रामहरी बैलाला पाणी दाखवत होता. झुंबरने आपण कोण ते सांगितलं. म्हातारीने पदर डोळ्याला लावला. रामहरीने बादली खाली ठेवली.

"तुमीच का त्ये डायव्हर," तो म्हणाला. "मी गाडी घेऊन तासाभरात परत आलो व्हतो. पर वहिनीला दम निघाला न्हाय. परक्या मान्साच्या मोटारीत घातला भावाला. दवाखान्यात तिसऱ्या दिशी गेला. घरी आसता तर आईच्या मांडीवर तरी गेला आसता."

तेवढ्यात कुशाबाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आली. पांढऱ्या कपाळामुळे तिला ओळखायला त्याला क्षणभर वेळ लागला. तिने मात्र लगेच ओळखलं. भारा टाकून ती दाराच्या कडेला उभी राहिली.

"दादा, त्या जमादारानं तुमच्यावर केस केली का हो?" तिने विचारलं.

"व्हय. त्यासाठीच आलो व्हतो." झुंबरने जमीन बघत सांगितलं. "वकील म्हनत्यात, मी पैसं घेतलं न्हाईत आसं तुमी कोर्टात सांगितलं तर सुटंन."

"येते की," कुशाबाई म्हणाली. "खरं हाय ते सांगायला काय? माझ्यापायी तुमाला तरास झाला."

रामहरी मध्ये आला. आवाज त्याने चढवला नाही.

"वहिनी, आधीच गाव बोलतंय. नवऱ्याला मोटारीत घालून कुनाच्या शेजारी बसून गेली, कोन व्हता त्यो. आता कोर्टात धा लोकांम्होरं उभी ऱ्हानार, त्यो सरकारी वकील कायबी इचारनार. जायचं तर जा. पर त्या पायरीवरनं परत ह्या उंबऱ्यात यायचं न्हाय. तुजी पोरगी हितंच ऱ्हाईल."

प्रयागबाईने मान वर केली नाही. मिरच्या निवडत राहिली. कुशाबाईने एकदा दिराकडे पाहिलं, एकदा आतल्या अंधाराकडे. आत मुलगी निजली असावी.

"म्या येते, दादा," ती पुन्हा म्हणाली. आता आवाज बारीक होता. "तारीख सांगा."

झुंबरने तिच्याकडे पाहिलं. ही बाई ट्रकपुढे हातभर अंतरावर उभी राहिली होती आणि हलली नव्हती. आताही ती हलणार नाही, हे त्याला कळत होतं.

"आवो, ते सांगायचंच ऱ्हायलं," तो म्हणाला. "वकील काल म्हनले, की जमादाराशी बोलून आपसात मिटंल. मी आपला सहज इचारायला आलो. तुमची गरज पडायची न्हाय."

"खरं का?"

"खरंच की. मला दुसरीकडं जायाचंच व्हतं, म्हनून वाट वाकडी केली."

चहा घ्यायला तो थांबला नाही. फाट्यावर येऊन दगडावर बसला. एस.टी. यायला वेळ होता. चांगला सदरा घातल्याचं त्याला राहून राहून वाईट वाटत होतं.

इंदापूरला जाऊन आप्पासाहेबांना तो म्हणाला, "बाई न्हाय येत. नवरा गेला तिचा, आन घरची येऊ देत न्हाईत."

"येत नाही तर राहू दे," आप्पासाहेब म्हणाले. "मी अर्ज देतो. कोर्ट समन्स काढून बोलावेल तिला. मग घरच्यांची काय टाप आहे अडवायची?"

"आन मी वकीलच केला न्हाय तर?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. "तर कोण बोलावणार? कुणी नाही. पण मग तुला गुन्हा कबूल करावा लागेल. नीट समज, नुसता दंड नाही. मी भाडं घेतलं असं तुझ्या तोंडाने म्हणावं लागेल. मेलेल्या माणसाच्या बायकोकडून. ते लिहून ठेवलं जाईल, लोक ऐकतील."

झुंबरने समन्सची घडी घालून ते खिशात ठेवलं. ओसरीपुढच्या रस्त्यावरून एक छकडा गेला, त्याची घुंगरं लांब जाईपर्यंत ऐकू येत होती.

"मग वकील नको, साहेब," तो म्हणाला.

"मूर्ख आहेस," आप्पासाहेब म्हणाले. पण त्यांनी पानाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

तारखेच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. बांधाच्या, पाण्याच्या भांडणांची माणसं घोळक्याने आलेली. प्रत्येकाबरोबर भाऊबंद, प्रत्येकाची भाकरी फडक्यात बांधलेली. झुंबर कडुनिंबाखाली एकटाच बसला होता. कोर्टाच्या पट्टेवाल्याने त्याच्या नावाचा पुकारा केला तेव्हा ते नाव मोठ्याने ऐकून तो दचकलाच. इतक्या मोठ्याने त्याला कधी कुणी हाक मारली नव्हती.

मॅजिस्ट्रेट तरुण होते. त्यांनी कागद वाचला. "वकील दिलाय का?"

"न्हाय, साहेब."

"द्यायचाय का? मुदत मिळेल."

मागच्या बाकावर आप्पासाहेब दुसऱ्याच कामासाठी बसले होते. झुंबरने मागे वळून पाहिलं नाही.

"नको, साहेब."

"मालाच्या गाडीत माणसं बसवलीस?"

"बसवली."

"त्यांच्याकडून भाडं घेतलंस?"

हे एवढं सोपं वाक्य असेल आणि एवढं जड असेल असं झुंबरला वाटलं नव्हतं. भिंतीशी उभा असलेला जमादार त्याच्याकडे बघत होता. न्हाय म्हणायचा मोह दातांशी येऊन थांबला.

"घेतलं, साहेब. माझ्यासाठी घेतलं. मालकाला ठावं न्हवतं."

"माणूस आजारी होता ना?"

"व्हय."

मॅजिस्ट्रेटांनी एकदा वर पाहिलं. रागापेक्षा त्या नजरेत किळस होती. मग त्यांनी लिहिलं. दंड, आणि सहा महिने लायसन बंद. लायसनचं पुस्तक टेबलावर ठेवताना झुंबरच्या बोटांचं ग्रीस पुठ्ठ्यावर उमटलं. पुढचा पुकारा झाला.

तात्याबांनी दंड भरला. शब्दाला ते पक्के होते. ट्रकवर मात्र आठवड्याभरात दौंडचा एक ड्रायव्हर आला आणि आडतीमागची खोली त्याला लागली. झुंबरने भाजीबाजारात हमाली धरली. रात्री बाजारातल्या पत्र्याखाली पोती अंथरून पडायचा. बनाबाईच्या खानावळीत जेवायला बसला की शेजारचे बोलणं थांबवायचे. मरणाऱ्याच्या बायकोच्या पदरातनं भाडं काढून घेतलं, ही गोष्ट त्याच्याआधी तिथं पोचली होती. बनाबाई आधी ताटात एक भाकरी न विचारता जास्त वाढायची. आता मागेल तेवढंच वाढू लागली. तोही मग मागेनासा झाला.

आखाडात एका सकाळी वरकुट्याच्या गाड्या कांदा घेऊन आल्या. पोतं उचलायला तो वाकला आणि समोर रामहरी उभा.

"डायव्हर," रामहरी म्हणाला. "निमगावच्या बाजारात ऐकलं. पैसं घेतलं म्हनून कबूल झालास."

झुंबरने मान हलवली.

"आमची वहिनी अजून म्हनती, न्हाय घेतलं. आई म्हनती, मग नोट कुठं गेली. म्या म्हनलो, त्यो कोर्टात बोलला म्हंजी तूच खोटी. दोन महिनं झालं, धड बोलत न्हाय घरात कुनी तिच्यासंगं."

झुंबरच्या हातातून पोत्याचा कान सुटला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपलं खोटं आपल्यापुरतं राहील असं तो धरून चालला होता.

"वहिनीचं खरं हाय," तो म्हणाला.

"मग कोर्टात कशाला तसं बोललास?"

"तुमीच म्हनला व्हता, उंबऱ्यात येऊ देनार न्हाय."

रामहरी बघत राहिला. बाजारात लिलावाची ओरड चालली होती, कुणीतरी त्याच्या कांद्याचा भाव पुकारत होतं, त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"नोट दवाखान्यात औषिदाला दिली आसंल त्यांनी," झुंबर म्हणाला. "मी सरकवली तवा त्यांच्याच मांडीवर पडली व्हती. त्यांना सांगा, मी आसं म्हनलो म्हनून. आईलाबी सांगा."

पोत्याची दुसरी बाजू धरून रामहरीने ते झुंबरच्या पाठीवर चढवून दिलं. झुंबर पोतं टाकून परत आला तेव्हा तो गाडी जुंपत होता. जाताना वळून बघेल असं वाटलं, पण बैल बुजरे होते, त्याचं सगळं लक्ष कासऱ्यावर होतं.

सहा महिने भरल्यावर लायसन परत मिळालं. त्या सुमाराला सोलापूरच्या एका मालकाला लांबच्या फेऱ्यांसाठी माणूस हवा होता, घरदार नसलेला. झुंबर तिकडे गेला. पुढे कित्येक वर्षं त्याचा ट्रक हैदराबादच्या रस्त्यावर धावत होता. रामहरीने घरी जाऊन ते सांगितलं की नाही, सांगितलं तर कुणी मानलं की नाही, हे त्याला कधी कळलं नाही. इंदापूरकडचा कुणी धाब्यावर भेटला तर वरकुट्याचं नाव त्याच्या ओठावर यायचं. मग तो ऊसपाण्याचं काहीबाही विचारायचा आणि चहा संपवून उठायचा.